ऊन आहे, म्हणून वाळेल? धरमतरकाठचा टोमॅटो आणि घरचं वाळवण

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. निवडक प्रश्नोत्तरे शेवटी.)



गेल्या खेपेला आपण प्रमाणविचार पाहिला. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द, आणि आपल्याला एखादी गोष्ट ‘कळली’ असं म्हणायला काय लागतं, याची चर्चा झाली. त्यानंतर एका श्रोत्याने कळवलं, ‘सर, हे सगळं छान आहे, पण घरात कुठे लागतं ते सांगा.’ मागणी रास्त आहे. म्हणून आज टोमॅटो. हसू नका. आम्ही आयुष्यभर वर्गात जे शिकवलं, त्यातला एक मुद्दा आम्हाला खऱ्या अर्थाने कळला तो निवृत्तीनंतर, टोमॅटोच्या बरणीमुळे.

आम्ही दोघं निवृत्तीनंतर धरमतरच्या खाडीजवळ राहायला आलो. मुंबईहून अलिबागला जाताना वडखळ सोडलं की थोड्या वेळाने मोठा पूल लागतो, त्याच्या अलीकडचा हा पेणचा भाग. खालून अंबा नदीचं पाणी भरती-ओहोटीप्रमाणे वर-खाली होत असतं, डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जाणारे बार्ज दिसतात. ‘तर’ म्हणजे पाणी ओलांडायची होडीची सोय. पूल नव्हता तेव्हा या नावाला रोजचा अर्थ होता. घरामागे तीन-चार गुंठे जागा. भाजी लावायची ठरली. पहिल्याच वर्षी टोमॅटो असा आला की जानेवारीच्या शेवटी तीन आठवड्यांत सगळं झाड एकदम पिकलं. खाऊन किती खाणार, वाटून किती वाटणार? त्या दिवसांत बाजारातही भाव पडलेला. मग आम्ही गच्चीवर चादर अंथरली, टोमॅटो चिरून वाळत घातले. चार दिवस कडक ऊन. हाताला कोरडे लागले. चौदा बरण्या भरल्या आणि मोठ्या अभिमानाने त्यातली एक शेजारच्या काकींना दिली.

काकी ऐंशी ओलांडलेल्या. घर आगऱ्यांचं, उभा जन्म भात, मीठ आणि सुकी मासळी यांत गेलेला. दुसऱ्या दिवशी बरणी परत आली. निरोप एवढाच होता, ‘मास्तर, पोटात ओल हाय अजून.’

आम्ही ऐकलं नाही. चार दिवस ऊन होतं, फोडी कोरड्या होत्या, आणखी काय हवं? आषाढात पहिली बरणी उघडली तर आतून हिरवट काळी. दुसरीही तशीच. तेराही बरण्या टाकल्या, आणि चौदावी काकींनी परत केली होती म्हणून वाचलो. ती त्यांनी ठेवून घेतली असती, नातवंडांच्या ताटात गेली असती तर? तो प्रश्न आम्हाला आजही सुटलेला नाही. ‘हे वाळलं आहे’ असं आम्ही दुसऱ्याला सांगितलं होतं, आणि ते खोटं निघालं. आजचं व्याख्यान त्या एका वाक्याबद्दल आहे: हे वाळलं आहे हे आपल्याला कशावरून कळतं?

पण वाळवणाआधी पीक, आणि पिकाआधी हंगाम.

हंगाम छोटा का?

‘छोट्या हंगामाचा टोमॅटो’ हा शब्दप्रयोग आला थंड देशांतून. तिथे शेवटचं हिम वसंतात पडतं, पहिलं हिम शरदात, आणि त्यामधले जे शंभरेक दिवस मिळतील त्यांत टोमॅटो उरकायचा. आपल्याकडे हिम नाही. मग आपला हंगाम बारमाही असायला हवा की नको? तो तसा नाही. कोकणात हंगाम तीन बाजूंनी कापला जातो.

पहिली बाजू पावसाची. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यात टोमॅटोची मुळं कुजतात, पानांवर करपा येतो. जमिनीत भात उभं असतं ते वेगळंच.

दुसरी बाजू उन्हाळ्याची. टोमॅटोचं फूल नाजूक असतं. रात्रीचं तापमान २१-२२ अंशांच्या बरंच वर राहायला लागलं आणि दिवस ३५ कडे सरकले, की परागकण नीट काम करत नाहीत. फुलं येतात आणि गळतात. मार्चमध्ये लोक म्हणतात, ‘झाड हिरवंगार आहे, फळ धरत नाही, खत कमी पडलं.’ खताचा काही संबंध नसतो. उलट नत्र जास्त घातलं तर पाला वाढतो. फळाच्या रंगाचंही तसंच. टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन सतत ३० अंशांच्या वर राहिलं तर नीट तयार होत नाही. पिवळा रंग मात्र तयार होत राहतो, म्हणून मार्चची फळं नारिंगी-पिवळी राहतात. यावर उपाय साधा. फळावर गुलाबी छटा आली की तोडायचं आणि घरात सावलीत पिकवायचं.

तिसरी बाजू मिठाची. ही खाडीकाठची खास. आमच्याकडची बरीच जमीन खार जमीन आहे. समुद्राच्या भरतीला बांध घालून मिळवलेली. बांध फुटला की गावाने मिळून चिखल उचलायचा आणि तो बुजवायचा, त्या सामूहिक कष्टाला इकडे ‘जोळ’ म्हणत. या पट्ट्यातल्या माणसांनी मिठाशीही भांडण केलं आणि खोतांशीही. पलीकडे चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा सहा वर्षांचा शेतकऱ्यांचा संप झाला, तो ज्या जमिनीसाठी झाला ती ही जमीन.

पावसाळ्यात वरचं पाणी मीठ खाली ढकलतं, म्हणून भात होतं. पाऊस थांबला की उलटं सुरू होतं. पृष्ठभागावरची माती सुकते, खालचं खारं पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं वर चढतं, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. फेब्रुवारीत जमिनीवर पांढुरका थर दिसतो, त्यालाच मीठ फुटलं म्हणतात. विहिरीचं पाणीही मचूळ व्हायला लागतं.

टोमॅटोची क्षारांची सोसण्याची ताकद मध्यम आहे. मातीची क्षारता विद्युतवाहकतेवर मोजतात. साधारण २.५ डेसीसीमेन्स प्रतिमीटरपर्यंत तो तग धरतो, आणि त्यापुढे प्रत्येक एककामागे उत्पन्न अंदाजे दहा टक्क्यांनी घटतं. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमिनीचं संशोधन केंद्र आहे, ते मुळात याच प्रश्नासाठी. ज्यांची जागा खाडीलगत आहे त्यांनी माती-पाणी एकदा तपासून घ्यावंच.

इथे एक गंमत आहे. थोड्या खाऱ्या पाण्यावरचा टोमॅटो आकाराने लहान राहतो, पण चवीला गोड आणि दाट लागतो, कारण फळात पाणी कमी जातं. वाळवायला असा टोमॅटो उत्तम. मात्र मीठ वाढलं की झाडाला कॅल्शियम उचलायला त्रास होतो आणि फळाचं बूड काळं, चामड्यासारखं होतं. लोक त्याला रोग समजून औषध फवारतात. तो रोग नव्हे. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, असं झालं तरी हेच होतं. थोडं पण नियमित पाणी आणि मुळाशी पेंढ्याचं जाड आच्छादन, एवढ्यावर ते बरंच आटोक्यात येतं. आच्छादनाने माती सुकायची थांबते, म्हणजे मीठ वर ओढणारी वातच आपण कापतो.

तर पाऊस, उष्मा आणि मीठ. या तिघांमध्ये उरतात ऑक्टोबरअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस. इथल्या जुन्या पिकांना हे ठाऊक आहे. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर येणारा वाल पाहा, किंवा अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्ही थंडीत उरकतात, आणि दोन्ही वाळवून वर्षभर टिकतात. वाल डब्यात जातो, कांदा पातीच्या वेण्या घालून माळेत टांगला जातो. म्हणजे या जागेत छोटा हंगाम आणि वाळवण ही जोडी आम्ही शोधलेली नाही. टोमॅटो फक्त त्या रांगेत उशिरा येऊन उभा राहिलाय.

नव्वद दिवसांचा हिशोब

आमचं वेळापत्रक सांगतो. घटस्थापनेच्या सुमारास बी ट्रेमध्ये टाकायचं, आडोशाला, परतीच्या पावसाचा मारा लागणार नाही अशा जागी. पंचवीस ते तीस दिवसांचं रोप झालं की, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, उंच गादीवाफ्यावर लावायचं. खार जमीन असेल तर वाफ्यात माळावरची लाल माती आणि भरपूर कुजलेलं शेणखत. डिसेंबरात फुलोरा. जानेवारी-फेब्रुवारीत फळ.

बियाण्याच्या पाकिटावर ‘७५ दिवस’ असं लिहिलेलं असतं ते बहुधा रोप लावल्यापासूनचं. बी टाकल्यापासून मोजलं तर महिना वाढतो. हा महिना हिशोबात न धरल्यामुळे पुष्कळांचं पीक मार्चच्या उन्हात सापडतं.

वाण निवडताना एक भेद लक्षात घ्या. काही टोमॅटो वेलासारखे वाढतच राहतात आणि थोडं थोडं फळ देतात. काही ठेंगणे, झुडपासारखे, ठरावीक उंचीवर थांबतात आणि जवळजवळ एकदम पिकतात. रोज ताजं खायला पहिले बरे. छोट्या हंगामाला आणि वाळवणाला दुसरे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं ‘पुसा अर्ली ड्वार्फ’ हे या दुसऱ्या जातीचं, लवकर येणारं वाण. वाळवणासाठी गर जाड आणि रस कमी हवा. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाचं ‘पंजाब छुहारा’ तसं आहे, लांबट, मांसल. छुहारा म्हणजे खारीक. नावातच वाळवण आहे म्हणायचं.

आणि मर रोगाचं सांगायला हवं, कारण कोकणच्या दमट, आम्ल मातीत तो फार छळतो. हिरवंगार झाड दोन दिवसांत मान टाकतं. पाणी कमी पडलं असं वाटून आपण आणखी पाणी घालतो. तसं करू नका. बुंध्याचा तुकडा कापा, स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी धार खाली उतरली तर ती जिवाणूजन्य मर. झाड उपटून लांब नेऊन जाळा, आणि त्या जागी काही वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी काही लावू नका, कारण हे सगळे एकाच कुळातले. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण या रोगाला बराच दाद देत नाही. तो थोडा जास्त दिवसांचा आहे, पण जिथे मर ठरलेलीच आहे तिथे दिवस वाचवून उपयोग काय?

ऊन आणि उपाधी

आता बरणीकडे येऊ.

आमचं अनुमान असं होतं: चार दिवस ऊन होतं, म्हणून टोमॅटो वाळला. न्यायशास्त्रात अनुमानाचा नेहमीचा दाखला धुराचा आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की आहे. पण तेच उलटं केलं तर? डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर असणार. हे चुकतं. लोखंडाचा गोळा लालबुंद तापवला तर त्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग अग्नीबरोबर धूर केव्हा येतो? इंधन ओलं असेल तेव्हा. हे ओलं इंधन म्हणजे लपलेली अट. नैयायिक तिला ‘उपाधी’ म्हणतात. साध्य जिथे असेल तिथे ती असतेच, पण आपण दिलेल्या हेतूबरोबर ती प्रत्येक वेळी असेलच असं नाही. असा हेतू फसवतो.

हे आम्ही पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. आणि गच्चीवर विसरलो.

‘ऊन आहे, म्हणून वाळेल’ या अनुमानात लपलेली अट कोणती? कोरडी हवा. ऊन नसतानाही वस्तू वाळते. फ्रिजमध्ये उघडी राहिलेली कोथिंबीर पाहा, किंवा सावलीत वाळवलेली मेथी. आणि ऊन असूनही वस्तू वाळत नाही, याचा पुरावा तर आमच्या तेरा बरण्या. वस्तूतलं पाणी बाहेर यायला भोवतालच्या हवेत ते मावायला जागा हवी. ऊन ती जागा तयार करायला मदत करतं, एवढंच.

आकड्यांत सांगतो. खाडीकाठी थंडीतल्या दुपारी हवा समजा ३० अंश आणि आर्द्रता ६० टक्के. हीच हवा, तिच्यातलं पाणी तेवढंच ठेवून, ५० अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता सुमारे २० टक्क्यांवर येते. म्हणजे तहानलेली हवा. आणि हीच हवा रात्री २० अंशांवर आली तर? तिच्यात पाणी मावतच नाही. दव पडतं. आम्ही चादर रात्री गच्चीवरच ठेवत होतो. दिवसा फोडींनी जे सोडलं त्यातलं बरंचसं पहाटे परत प्यायल्या. त्यात दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा. त्याने घाम सुकतो म्हणून आपल्याला तो कोरडा वाटतो, पण तो ओल घेऊन आलेला असतो.

आणि दुसरी चूक ‘हाताला कोरडं लागलं’ या प्रत्यक्षाची. फोड जाड होती, ऊन एकदम कडक. वरचा थर झटकन सुकून त्याची कातडी झाली, आणि आतलं पाणी आतच कोंडलं. बोट फक्त कातडीला लागतं. काकींनी ओळखलं ते त्यांनी बोटावर विसंबून नाही. त्यांनी फोड मोडून पाहिली होती, आणि बरणीला कान लावून हलवली होती. बोंबील, जवळा, सोडे यांवर साठ-सत्तर वर्षं घालवलेल्या माणसाचा कान.

किती वाळलं म्हणजे वाळलं?

बुरशीला पाणी लागतं, पण सगळंच पाणी तिला मिळत नाही. काही पाणी मोकळं असतं, काही साखर, मीठ, तंतू यांना बांधलेलं. मोकळ्या पाण्याचं माप शून्य ते एक असं असतं. ०.७ च्या वर बहुतेक बुरशा वाढू शकतात, ०.६ च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. सुकी मासळी मिठामुळे टिकते ती याचसाठी, मीठ पाण्याला बांधून ठेवतं. आपलं ध्येय ०.६ च्या खाली.

हे माप घरी मोजायचं कसं? यंत्र महाग असतं. पण तराजू असतो. इथे अनुमान परत कामाला येतं, आणि यावेळी व्याप्ती पक्की आहे. टोमॅटोत साधारण ९४ टक्के पाणी. म्हणजे एक किलो टोमॅटोत ६० ग्रॅम घन भाग, आणि तो उडून जात नाही. वाळलेल्या मालात १५ टक्के ओल चालेल असं धरा. मग एक किलोचं वजन सुमारे ७० ग्रॅमवर यायला हवं. तुमच्या जाळीवर १२० ग्रॅम उरलं असेल, तर फोड बोटाला कितीही कोरडी लागो, निम्मं वजन अजून पाण्याचं आहे. मीठ लावलं असेल तर ते वजनात मिळवा. मांसल वाणात घन भाग किंचित जास्त असतो, तेवढा फरक सोडा. पण ७० आणि १२० मध्ये गोंधळ होणार नाही. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही एकदाही वजन केलं नव्हतं.

आता कृती.

फळ पक्कं पिकलेलं, न फुटलेलं. धुऊन कोरडं करायचं. सात-आठ मिलिमीटर जाडीच्या चकत्या, किंवा लहान फळाचे दोन भाग. बिया आणि पाणचट रस काढला तर लवकर वाळतं. किलोला २० ग्रॅम मीठ, अर्धा तास चाळणीत निथळायला. मग जाळीवर, कापलेली बाजू वर, एकमेकांना न चिकटवता. चादरीवर नको, कारण खालून हवा लागत नाही. ॲल्युमिनियमच्या ताटात नको, टोमॅटो आंबट असतो. वरून मलमलचं कापड, माश्यांसाठी.

आम्ही सुताराकडून एक पेटी करून घेतली. आतून काळी, वर तिरकी काच, खाली समोर भोकं आणि वर मागे भोकं. खालून हवा शिरते, तापते, वरून ओल घेऊन बाहेर पडते. वरची भोकं विसरलात तर ती पेटी वाळवत नाही, वाफवते. आत थर्मामीटर ठेवा. ५५ ते ६० अंश ठीक. त्याहून फार वर गेलं तर कातडी धरते, काच थोडी उघडा. सकाळी दव उडाल्यावर, म्हणजे नऊ-दहाला पेटी बाहेर, चारला आत. रात्री जाळ्या घरात, कपड्याने झाकून. तीन दिवस सहसा पुरतात. विजेचं यंत्र असेल तर त्याच तापमानाला आठ ते बारा तास, चकतीच्या जाडीवर अवलंबून.

मग तपासणी. एक, वजन. दोन, फोड पूर्ण गार होऊ द्या, कारण गरम फोड नरम लागते आणि गरम बरणीत भरली तर आत घाम धरतो. गार झाल्यावर ती चामड्यासारखी वाकावी, फाडल्यावर आत ओला ठिपका दिसू नये, दाबल्यावर चिकटू नये. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं, काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरा, झाकण लावा आणि सात दिवस रोज हलवा. फोडी खुळखुळल्या पाहिजेत. काचेला आतून बाष्प दिसलं किंवा फोडींचा गोळा झाला, तर लगेच परत पेटीत. जास्त ओल्या फोडीतली ओल या सात दिवसांत कोरड्या फोडींत वाटली जाते, आणि उरलेली काचेवर दिसते. बरणीला कान लावणं ते हेच.

साठवण छोट्या बरण्यांत. पावसाळ्यात आमच्याकडे आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते. मोठी बरणी रोज उघडली तर ती रोज ओल पिते. मृगाच्या आधी सगळं वाळवण एकदा पुन्हा उन्हाला दाखवायची जुनी पद्धत आहे, ती पाळा. आणि कुठेही बुरशी दिसली तर वरवर खरवडून उरलेलं खाऊ नका. बुरशीचं विष डोळ्यांना दिसणाऱ्या भागापुरतं राहत नाही. बरणीच टाका. आम्हाला तेरा टाकताना वाईट वाटलं, पण तेवढं वाईट वाटून घेणं परवडतं.

बागेतल्या बाकीच्या मालाचं थोडक्यात. गवार दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, मग वाळत. त्याने रंग आणि चव बिघडवणारी विकरं थांबतात. भेंडी आणि कारली चकत्या करून, वांग्याच्या काचऱ्या मीठ लावून. मेथी, कढीपत्ता सावलीत, वाऱ्यावर. टोमॅटोला उकळत्या पाण्याची गरज नाही.

शेवटी एवढंच

शब्द हेही प्रमाण आहे, पण विश्वासू माणसाचा. न्यायात त्याला ‘आप्त’ म्हणतात. ज्याला गोष्ट माहीत आहे आणि जो ती आहे तशी सांगतो, तो आप्त. काकी या विषयात आप्त होत्या, आणि आम्ही पदवीधर असल्यामुळे त्यांचं ऐकलं नाही. दुसऱ्याच्या हातात आपण बरणी देतो तेव्हा ‘हे वाळलं आहे’ हा आपला शब्द त्याच्याबरोबर जातो. घेणारा तो तपासत नाही, विश्वासाने खातो. म्हणून तराजू, म्हणून सात दिवस.

दुसऱ्या वर्षी आम्ही काकींना परत बरणी दिली. त्यांनी हलवून पाहिली, काही बोलल्या नाहीत. पण ती बरणी परत आली नाही. श्रावणात त्यांच्याकडून रिकामी आली, आणि तिच्यात सोडे होते.

प्रश्नोत्तरे

आम्ही ठाण्यात फ्लॅटमध्ये राहतो. कुंडीत जमेल का?

जमेल. ठेंगणं वाण, बारा ते पंधरा लिटरची कुंडी, सहा तास थेट ऊन. कुंडीत मीठ फुटत नाही, पण कुंडी लवकर सुकते. पाण्याचा नियम चुकला की बूड काळं होणार. सहा कुंड्यांतून वाळवणापुरता माल फार निघणार नाही. त्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीत भाव उतरल्यावर बाजारातून चांगले लांबट टोमॅटो घ्या आणि ते वाळवा.

माझी मुलगी कॅनडात आहे. तिकडचा छोटा हंगाम आणि हा, यांत फरक काय?

तिथे घड्याळ थंडीचं आहे. घरात खिडकीशी सहा ते आठ आठवडे रोप वाढवून, शेवटचं हिम गेल्यावर बाहेर लावतात. त्यासाठी तिथे फार लवकर येणारी वाणं तयार झाली आहेत, ‘सब-आर्क्टिक’ नावाची मालिका त्यातलीच. ती वाणं इकडे आणायची गरज नाही, आपला प्रश्न गारठ्याचा नाहीच. पण तिला एक सांगा, तिच्याकडच्या कोरड्या भागात टोमॅटो आपल्यापेक्षा सहज वाळेल. तिच्याकडे ऊन कमी असलं तरी.

वाळवलेले टोमॅटो तेलात लसूण घालून ठेवता येतात का?

फ्रिजमध्ये, थोडेसे, आठवडाभरात संपतील एवढेच. बाहेर कपाटात ठेवू नका. तेलाखाली हवा जात नाही, आणि लसणीबरोबर आलेले बोट्युलिझमचे जिवाणू अशाच जागी विष तयार करतात. त्याला वास येईलच असं नाही. कोरडे ठेवा, लागतील तेव्हा तेलात घाला.

एक किलोचे सत्तर ग्रॅम होतात. एवढ्या खटाटोपाला परवडतं का?

पैशात मोजलं तर विकत घेतलेल्या टोमॅटोचं बहुधा नाही, आणि स्वतःचा वेळ धरला तर नक्कीच नाही. झाडावर सडणाऱ्या टोमॅटोचं परवडतं. जुलैत भाव चढलेला असताना आमटीत चार फोडी टाकता येतात, तेवढं परवडतं. त्याहून जास्त दावा आम्ही करणार नाही.

घटस्थापनेला बी टाकायला विसरू नका.